फिन्शगाऊ खोऱ्यात एप्रिलमध्ये मुलं आणि आजीसह सायकल: कुठून निघायचं, काय तपासायचं

विचारणा अशी आहे: म्युनिकमध्ये राहणारं मराठी कुटुंब, एप्रिलच्या मध्यात चार दिवस मोकळे. मुलगी नऊ वर्षांची, तिची स्वतःची २४ इंची सायकल. मुलगा चार वर्षांचा. पुण्याहून आलेली चौसष्ट वर्षांची आजी. कॉलेजात असताना रोज सायकल चालवायची, नंतर हात लावलेला नाही. उत्तर इटलीतल्या साउथ टिरोलमध्ये, फिन्शगाऊ खोऱ्यात सफरचंदाचा बहर बघत सगळ्यांनी मिळून सायकल चालवायची आहे. रेशेन खिंडीपासून मेरानपर्यंत साधारण ८० किलोमीटर उतारच उतार आहे, तर दोन दिवसांत होईल का?

होईल, पण तसं करू नका. लांब उतारावर पाय दमत नाहीत, हात दमतात. नऊ वर्षांच्या पोरीच्या बोटांत ब्रेक दाबायचा जोर किती वेळ टिकतो आणि मागे ट्रेलर (लहान मुलाला बसवून ओढायची दोन चाकांची गाडी) लावलेली सायकल किती अंतरात थांबते, यावर तुमचा दिवस आखायला हवा. त्या हिशेबाने रेशेन ते माल्स हा वरचा भाग सोडा, ट्योल ते मेरान हा खालचा भागही या खेपेला सोडा आणि मधला पट्टा दोन तुकड्यांत करा. बहरही याच पट्ट्यात असतो, त्यामुळे काही हुकत नाही.

कारण या खोऱ्याच्या रचनेत आहे. रेशेन सुमारे १,५०० मीटरवर, मेरान सुमारे ३२५ मीटरवर. ८० किलोमीटरला भागलं तर उतार दीड टक्का येतो आणि ऐकायला फार सोपा वाटतो. प्रत्यक्षात खोरं पायऱ्यापायऱ्यांनी उतरतं. बाजूच्या दऱ्यांमधल्या ओढ्यांनी हजारो वर्षं दगडगोटे आणि चिखल आणून मुख्य खोऱ्यात पंख्याच्या आकाराचे प्रचंड ढीग टाकले. माल्सच्या वरचा माल्सर हाइडे हा असा एक, लास आणि श्लांडर्स यांच्या मधला गाड्रियाचा दुसरा. या ढिगांनी आदिजे नदी अडवली. म्हणून ढिगाच्या वरच्या अंगाला खोरं सपाट आणि खालच्या अंगाला एकदम उतार. सायकलमार्ग नदीबरोबर जातो, तेव्हा त्यालाही हीच चाल आहे: बराच वेळ सपाट, मग थोड्या अंतरात सगळा उतार.

आकड्यांत सांगायचं तर असं. माल्स स्टेशन साधारण १,००० मीटरवर, तिथून ग्लुर्न्सला पोचेपर्यंत अडीच-तीन किलोमीटरमध्ये ९० मीटर उतरता. ग्लुर्न्स ते लास सोळा-सतरा किलोमीटर, उतार जेमतेम ४० मीटर; म्हणजे सपाटच समजा आणि समोरून वारा असेल तर चढ समजा. लास ते श्लांडर्स सात किलोमीटरमध्ये दीडशे मीटर. हा गाड्रियाचा उतार. श्लांडर्स ते लाट्श नऊ किलोमीटर, ८० मीटर. लाट्शनंतर खोरं अरुंद होतं आणि कास्टेलबेलपर्यंत थोड्याच अंतरात ५० मीटर खाली जातं. पुढे नाटुर्न्सपर्यंत निवांत, आणि नाटुर्न्स ते ट्योल आठ किलोमीटर जवळजवळ पाटासारखं सपाट. मग ट्योलहून मेरानला जाताना सात किलोमीटरमध्ये १८० मीटर, तेही घट्ट नागमोडी वळणांतून. वर रेशेनच्या बाजूलाही हेच: दोन तलावांच्या काठाने सपाट, आणि सांक्ट व्हालेंटिन सोडल्यावर बुर्गाइसपर्यंत अडीचशे मीटरचा सलग उतार. शिवाय एप्रिलच्या मध्यात तिथे वाटेत बर्फ सापडू शकतो. तलावातून वर आलेला ग्राऊनच्या जुन्या चर्चचा मनोरा मुलांना दाखवायचाच असेल (१९५० मध्ये धरणाचं पाणी चढलं तेव्हा गाव बुडालं, मनोरा उरला), तर माल्सहून बसने जाऊन या. सायकली खालीच राहू द्या.

मुक्काम लाट्श किंवा नाटुर्न्सला करा. पहिल्या दिवशी लाट्श ते नाटुर्न्स, चौदा किलोमीटर. हा चाचणीचा दिवस: कुणाची सीट उंच आहे, कुणाचा ब्रेक घासतो, आजीला ई-बाइक (पेडल मारताना मोटरची मदत मिळणारी सायकल) झेपते का, हे सगळं इथे कळतं, आणि काही बिनसलं तर वाटेत कास्टेलबेलला स्टेशन आहे. हात साथ देत असतील तर संध्याकाळी नाटुर्न्सहून ट्योलच्या दिशेने थोडं पुढे जाऊन परत या. दुसऱ्या किंवा तिसऱ्या दिवशी, ज्या दिवशी हवा बरी असेल त्या दिवशी, रेल्वेने माल्स गाठा आणि श्लांडर्सपर्यंत खाली या, सत्तावीस किलोमीटरच्या आसपास. अशा चमूचा वेग सपाटीवर ताशी दहा-बारा किलोमीटर असतो, थांबे धरून सात-आठ. म्हणजे सत्तावीस किलोमीटरला चार तास, जेवण वेगळं. मुलीने लासला हात वर केले तर तिथेच रेल्वेत बसा. गाड्रियाचा उतार दमलेल्या हातांनी करायचा नाही, एवढं आधीच ठरवून ठेवा.

मुलीच्या सायकलचे ब्रेक

याला घरी एक अख्खी संध्याकाळ द्या. लहान मुलांच्या सायकलवर बहुतेक वेळा ब्रेकचा लिव्हर हँडलपासून फार दूर असतो. मुलगी हँडल धरून बसली की पहिल्या दोन बोटांचं पहिलं पेर लिव्हरवर पूर्ण वळलं पाहिजे, तळहात न सरकवता. वळत नसेल तर लिव्हरच्या बुडाशी एक बारीक स्क्रू असतो, तो आत फिरवला की लिव्हर हँडलकडे येतो. लिव्हर जवळ आणला की मग केबल पुन्हा ताणावी लागते, हे लोक विसरतात. पूर्ण दाबल्यावर लिव्हर आणि हँडलची मूठ यांत निदान दीड-दोन सेंटिमीटर जागा उरायला हवी. लिव्हर मुठीला टेकत असेल तर उतारावर ब्रेक संपला म्हणून समजा.

रिमवर दाबणारे ब्रेक असतील तर रबरं रिमपासून दीड-दोन मिलिमीटरवर ठेवा आणि ती टायरला कुठेही लागत नाहीत ना ते बघा. टायरला घासणारं रबर एका मोठ्या उतारात टायरची बाजू कापू शकतं. रबरावरच्या खाचा दिसेनाशा झाल्या असतील तर जोडी बदला. काही युरोंचं काम आहे. चकतीचे ब्रेक असतील तर पॅडवरचा थर बघा, अर्ध्या मिलिमीटरपर्यंत आला की तो संपला. मग एक साधी चाचणी: मुलीला सायकलवर बसवा, तिला दोन्ही ब्रेक दाबायला सांगा आणि मागून ढकला. चाक फिरलं तर काम अजून बाकी आहे.

जर्मनीत विकल्या जाणाऱ्या मुलांच्या सायकलींना बऱ्याचदा पेडल उलटं दाबून लागणारा ब्रेक असतो. शहरात तो ठीक. लांब उतारावर तो एकटा पुरत नाही: सगळी उष्णता मागच्या हबमध्ये कोंडते, ग्रीस पातळ होतं आणि पकड बदलते, चेन उतरली तर ब्रेकच जातो. तुमच्या मुलीच्या सायकलला तो असेल तर पुढचा हाताचा ब्रेक चांगल्या स्थितीत असल्याशिवाय माल्सला जाऊ नका.

दाबायची पद्धत तिला सपाटीवर शिकवा. सतत हलका ब्रेक धरून उतरणं मुलांना सुरक्षित वाटतं, पण त्यानेच बोटं आखडतात आणि खरी गरज पडते तेव्हा जोर उरत नाही. दोन-तीन सेकंद दोन्ही ब्रेक घट्ट, वेग चालण्याइतका खाली, मग पूर्ण मोकळं सोडायचं, बोटं हलवायची, पुन्हा घट्ट. वळणाच्या आधी वेग कमी, वळणात ब्रेक नाही. गाड्रियाच्या उतारावर दर किलोमीटरला थांबा आणि तिला हात झटकायला लावा. तिने 'नको' म्हटलं तरी थांबा.

हातमोजे न्याच. सकाळी माल्सला तापमान शून्य ते पाच अंशांत असू शकतं आणि चालत्या सायकलवर वारा लागतो. गारठलेली बोटं लिव्हर दाबतात, पण किती जोराने दाबतायत ते त्यांना कळत नाही. पूर्ण बोटांचे पातळ मोजे हवेत. लोकरीचे जाड मोजे मुठीवरून सटकतात.

मुलाचं काय करायचं

चार वर्षांच्या मुलासाठी तीन वाटा: मागची सीट, ओढायचा दांडा किंवा ट्रेलर. मागच्या सीटची मर्यादा बहुतेक उत्पादक २२ किलो देतात, आणि इटलीच्या नियमानुसार सज्ञान चालकाला आठ वर्षांपर्यंतचं एक मूल योग्य सीटवर नेता येतं. पण मूल सीटवर झोपलं की मान लटकते आणि वजन उंचावर असल्यामुळे थांबताना सायकल एका बाजूला झुकते. ज्या दांड्याने मुलाच्या सायकलचं पुढचं चाक उचलून ती मोठ्या सायकलला जोडतात, तो तासाभराकरता छान. दिवसभरासाठी नाही, कारण झोपायची सोय नाही. तुमच्यासाठी ट्रेलर.

ट्रेलरची खरी अडचण जोडणीत येते. तो मागच्या चाकाच्या एक्सलला डाव्या बाजूने जोडतात. तुमचा ट्रेलर म्युनिकच्या सायकलला बसतो म्हणून फिन्शगाऊमधल्या भाड्याच्या सायकलला बसेलच असं नाही. आजकालच्या सायकलींना आरपार जाणारा १२ मिलिमीटरचा एक्सल असतो आणि त्याच्या आट्यांचे तीन-चार प्रकार आहेत, लांबीही वेगवेगळी. चुकीच्या आट्यांचा एक्सल जबरदस्तीने फिरवला तर फ्रेमचे आटे खराब होतात. म्हणून एकतर सायकल आणि ट्रेलर दोन्ही तुमचे, किंवा दोन्ही एकाच दुकानातून भाड्याने. जोडल्यावर सुरक्षेचा पट्टा फ्रेमभोवती घेऊन अडकवायचा. जोडणीचा मुख्य खिळा निसटला तर ट्रेलर याच पट्ट्यावर राहतो.

सामान ट्रेलरच्या मागच्या कप्प्यात भरायची सवय घातक आहे. मागे वजन जास्त झालं की दांड्याचं टोक वर उचलतं, सायकलचं मागचं चाक हलकं होतं आणि ओल्या उतारावर ते घसरतं. दांड्याच्या टोकावर तीन ते आठ किलो भार यायला हवा. घरच्या वजनकाट्यावर टोक ठेवून मोजता येतं. जड वस्तू खाली आणि एक्सलच्या पुढे. मूल सोळा किलो, ट्रेलर तेरा-चौदा किलो, सामान चार किलो: मागे पस्तीस किलोच्या आसपास ओझं, आणि त्याला स्वतःचा ब्रेक नाही. कोरड्या सपाटीवर जिथे एरवी पाच मीटरमध्ये थांबता तिथे आता जास्त अंतर लागणार. उतारावर वेग ताशी पंधराच्या वर नेऊ नका, वळणावर दहाच्या खाली. आतलं चाक वळणाच्या आतून जातं, तेव्हा वळण रुंद घ्या. आतलं चाक दगडावर चढलं की ट्रेलर कलंडतो. सायकल कलंडत नाही, म्हणून मागे काय झालं ते लगेच कळतही नाही. ट्योलच्या वळणांवर तुम्हाला जाऊ नका म्हणतोय ते यासाठीच.

ट्रेलरमधलं मूल हलत नाही, म्हणून तुम्ही घामाघूम असताना ते गारठलेलं असू शकतं. उलट दुपारी प्लास्टिकचा पडदा लावून उन्हात ठेवलं तर उकडून निघतं. दर अर्ध्या तासाने त्याच्या मानेच्या मागे हात घालून बघा. हातापायावरून अंदाज येत नाही. हेल्मेट आतही घालायचं, फक्त पाठीच्या कापडात हेल्मेटसाठी खोलगट जागा आहे ना ते बघा, नाहीतर डोकं पुढे ढकललं जातं आणि हनुवटी छातीला टेकते.

चालायचा क्रम उतारावर असा: पुढे ट्रेलरवाला, मग मुलगी किमान दहा मीटर अंतराने, मग आजी, शेवटी दुसरा पालक. ट्रेलरला थांबायला सर्वांत जास्त अंतर लागतं. तो मुलीच्या मागे असला आणि ती मध्येच थांबली तर काय होईल ते सांगायला नको. पुढे असला की वेगही आपोआप त्याच्याच मापाचा राहतो. सपाटीवर क्रम उलटा केला तरी चालेल.

आजीची ई-बाइक

कॉलेजातली सायकल शरीर विसरत नाही, पण इथे ते लक्षात राहणंच थोडं आडवं येतं. भारतातल्या सायकलींना साधारणपणे उजव्या हाताला पुढचा ब्रेक असतो. इटली-जर्मनीत पुढचा ब्रेक डाव्या हाताला. जुन्या सवयीने डावा हात गच्च दाबला तर ताकदवान हायड्रॉलिक ब्रेक पुढचं चाक अडवतो आणि चालवणारी हँडलवरून पुढे जाते. डाव्या लिव्हरवर रंगीत चिकटपट्टी लावा आणि अर्धा तास मोकळ्या मैदानात फक्त थांबायचा सराव द्या: उजवा आधी, डावा हळूहळू. रस्ता उजव्या बाजूने हेही अंगवळणी पडायला वेळ लागतो, विशेषतः समोरून कुणी अचानक आलं तर. माणूस घाबरला की जुन्या बाजूला वळतो.

सायकल मध्ये आडवा दांडा नसलेली घ्या, सीट इतकी खाली की दोन्ही तळवे जमिनीला टेकतील. पेडल मारायला ही उंची आदर्श नाही, गुडघे जास्त वाकतात, पण मोटर असल्याने चालतं. मोटर २५ किलोमीटर वेगापर्यंतच मदत करते. आजीसाठी सर्वांत खालची पातळी पुरे. एक गोष्ट आधी सांगून ठेवा: उभं असताना पाय पेडलवर ठेवून भार द्यायचा नाही. काही मोटरी एवढ्याशा दाबानेही पुढे झेपावतात. उभं राहायचं तर दोन्ही पाय खाली आणि ब्रेक दाबलेले. सायकलचं वजन पंचवीस किलोच्या घरात असतं, तेव्हा फलाटावर किंवा डब्यात ती चढवायचं काम आजीचं नाही.

सलवार-कमीज घालत असतील तर उजव्या पायाला क्लिप किंवा जाड रबर, आणि ओढणी घरी. ओढणी मागच्या चाकात गुंतली तर ती गळ्यापासून खेचली जाते. स्वेटरवर वारा अडवणारं पातळ जाकीट पुरेसं आहे. थरांवर थर घालून सकाळी निघायचं आणि अकरानंतर एकेक काढायचं. लाट्शला दुपारी उन्हात वीस अंशांपर्यंत जाऊ शकतं, त्याच सकाळी माल्सला दात वाजतात.

पहाटेचा बर्फ, वारा, फवारणी

सफरचंद फुलावर असताना रात्री पारा शून्याखाली गेला तर अख्खा हंगाम जाऊ शकतो. म्हणून बागाईतदार पहाटे तुषार सिंचन सुरू करतात. फुलांवर पडलेलं पाणी गोठताना उष्णता सोडतं आणि बर्फाच्या कवचातलं फूल शून्याच्या आसपास तग धरतं. पाणी मध्येच थांबवलं तर उलटा परिणाम होतो, त्यामुळे बर्फ स्वतःहून वितळू लागेपर्यंत, म्हणजे ऊन बऱ्यापैकी वर येईपर्यंत, फवारे चालूच असतात. सकाळी बर्फात मढलेल्या बागा बघायला लोक गर्दी करतात आणि दृश्य खरंच बघण्यासारखं असतं, पण पायी बघा. फवाऱ्यांचं पाणी सायकलमार्गावरही पडतं आणि सावलीत त्याचा काचेसारखा थर होतो. स्वच्छ रात्रीनंतर दहाच्या आधी निघू नका.

लासमधून जाताना आणखी एक निसरडी जागा. या गावाच्या वरच्या खाणींतला पांढरा संगमरवर जगभर गेला. दुसऱ्या महायुद्धानंतर अमेरिकी लष्करी दफनभूमींतले हजारो क्रूस याच दगडाचे. गावातल्या पदपथांनाही तोच वापरलाय. ओला झाला की टायर सुटतो, तेव्हा पावसानंतर तिथे उतरून चाला. ग्लुर्न्सच्या तटबंदीच्या आत गोटे बसवलेले रस्ते आहेत. तिथेही ट्रेलर ढकलतच न्या, नाहीतरी हे इवलंसं गाव पायीच बघायचं आहे.

माल्सच्या पठारावर रेशेनकडून खाली येणारा थंड वारा स्थानिक लोकांच्या चांगलाच ओळखीचा. त्याला ते ओबरविंड म्हणतात. खाली येताना तो पाठीवर असतो आणि मदतच करतो. पण 'आज जरा उलटं, खालून वर जाऊ' असा बेत केला तर चढ आणि वारा दोन्ही समोर, आणि ट्रेलरचा पडदा शिडासारखा वारा धरतो. दिशा बदलू नका.

मार्गाचा बराच भाग शेतरस्त्यांवरून जातो. ट्रॅक्टरला तिथे यायचा हक्क आहे, आणि बहराच्या दिवसांत तो बराच फिरतो. ट्रॅक्टर आला की सगळ्यांनी एकाच बाजूला, उजवीकडे थांबायचं. दोघं इकडे, दोघं तिकडे असं झालं की मूल नेमकं मधून पलीकडे धावतं. बागेत फवारणी चालू दिसली, म्हणजे ट्रॅक्टरमागे धुक्यासारखा झोत दिसला, तर पन्नास मीटर अलीकडे थांबा, वारा कुठून येतोय बघा आणि ओळ संपेपर्यंत वाट बघा. ट्रेलरचा पडदा बंद. या खोऱ्यात फवारणी हा तापलेला विषय आहे, २०१४ मध्ये माल्सच्या लोकांनी तर कीटकनाशकांविरुद्ध सार्वमतही घेतलं. बागेत शिरून फुलांसोबत फोटो काढणं टाळा. ती खासगी जमीन आहे आणि मधमाश्याही कामात असतात. मुलीला साधा, पारदर्शक चश्मा द्या. उतारावर डोळ्यात किडा गेला की पहिली प्रतिक्रिया हात हँडलवरून काढायची असते.

खाणंपिणं

इटलीत दुपारी गावातली दुकानं बंद होतात, ईस्टरच्या सोमवारी, २५ एप्रिलला आणि १ मेला तर बहुतेक दिवसभर. सकाळी बेकरीतून इथला राय धान्याचा जोडपाव घ्या. मसाल्याचा वास असतो, मुलांना आवडेलच असं नाही. बरोबर दशम्या, गूळ-शेंगदाणे, केळी ठेवा. मुलांना भुकेच्या आधी खायला द्या, दर पंचेचाळीस मिनिटांनी दोन घास. थंडीत तहान लागत नाही म्हणून पाणीही सांगून प्यायला लावावं लागतं. बसून जेवायचं तर पालकाचं सारण भरलेले श्लुट्सक्राप्फेन शाकाहारी असतात, पण वर बेकनचे तुकडे आहेत का ते विचारा. गावोगावच्या कारंज्यांचं पाणी सहसा पिण्यासारखं असतं. 'काइन ट्रिंकवासर' किंवा 'आक्वा नॉन पोताबिले' अशी पाटी असेल तर नाही.

रेल्वे आणि भाड्याच्या सायकली

मेरान–माल्स रेल्वे १९०६ मध्ये सुरू झाली, १९९० मध्ये बंद पडली आणि २००५ पासून पुन्हा धावते. या सगळ्या बेताचा कणा तीच आहे. मात्र तिच्या विद्युतीकरणाचं काम निघालंय आणि त्यासाठी काही काळ गाड्या बंद ठेवून बस सोडतात. बसमध्ये चार सायकली आणि ट्रेलर चढेल असं धरून चालू नका. मुक्काम ठरवण्याआधी तुमच्या तारखांना गाड्या चालू आहेत का हे ज्युडटिरोलमोबिल या सार्वजनिक वाहतुकीच्या संकेतस्थळावर बघा. बंद असतील तर बेत बदला: नाटुर्न्सला राहा आणि ट्योल ते कास्टेलबेल या सपाट पट्ट्यातच रोज जाऊन-येऊन करा.

गाड्या चालू असल्या तरी सुट्टीच्या सकाळी वर जाणाऱ्या डब्यांत सायकलींची जागा पटकन भरते. यावर सोपा उपाय: सायकल गाडीत न्यायचीच नाही. खोऱ्यातल्या मोठ्या स्टेशनांवर भाड्याने सायकली मिळतात, एका स्टेशनवर घेऊन दुसऱ्यावर परत करता येतात. मुलीची सायकल मात्र तिचीच न्या, कारण तिचे ब्रेक तुम्ही तिच्या बोटांना जुळवले आहेत. ई-बाइक आणि ट्रेलर ईस्टरच्या सुमारास आधी राखून ठेवा, आणि दुकानातून बाहेर पडण्याआधी वरची ब्रेकची चाचणी त्यांच्या दारातच करा. कुठल्या स्टेशनवर परत करायचं आणि ते दुकान किती वाजता बंद होतं, हे कागदावर लिहून घ्या. बऱ्याच मुक्कामांत पाहुण्यांना सार्वजनिक वाहतुकीचा पास मिळतो, पण सायकलचं तिकीट त्यात धरलेलं नसतं.

मोटारीने रेशेनमार्गे येणार असाल तर १५ एप्रिलपर्यंत हिवाळी टायर किंवा गाडीत साखळ्या लागतात. ऑस्ट्रियात सायकल बाहेर काढलीत तर बारा वर्षांखालच्या मुलांना हेल्मेट कायद्याने सक्तीचं आहे. इटलीत तसा नियम नाही, म्हणून सीमा ओलांडल्यावर ते डिकीत जाऊ नये.

पंक्चर

तुमच्याकडे तीन मापांची चाकं असणार: मोठ्यांची २८ इंची, मुलीची २४, ट्रेलरची बहुधा २०. ट्यूब तिन्हींच्या न्या, वजन काहीच नाही. व्हॉल्व्ह आधी बघा. मुलांच्या सायकलला आणि ट्रेलरला बहुधा मोटारीसारखा जाड व्हॉल्व्ह असतो, मोठ्यांच्या सायकलींना बारीक किंवा आपल्याकडच्या जुन्या सायकलींचा. पंपाचं तोंड सगळ्यांना चालणारं हवं. हवा टायरच्या बाजूवर छापलेल्या मर्यादेतच: ट्रेलरला आणि मुलीच्या सायकलला साधारण दोन ते अडीच बार. ट्रेलरच्या दोन चाकांत हवा कमी-जास्त असेल तर तो सारखा एका बाजूला ओढतो आणि लोक उगाच जोडणी तपासत बसतात.

मागच्या हबमध्ये मोटर असलेल्या ई-बाइकचं चाक वाटेत काढायच्या भानगडीत पडू नका. आपल्याकडचा पंक्चरवाला करतो तसं करा: सायकल आडवी, चाक जागेवर, टायरची एक कड उतरवायची, जिथे भोक आहे तेवढीच ट्यूब बाहेर ओढायची, घासायची, सोल्यूशन लावून ते चिकट होईपर्यंत चार-पाच मिनिटं थांबायचं, मग पॅच. टायरच्या आतून बोट फिरवून काटा काढल्याशिवाय कड परत बसवू नका, नाहीतर पुढच्या गावाआधी पुन्हा बसाल.

शेवटचं, आजीच्या प्रवास विम्याचं. व्हिसासाठी काढलेल्या विम्यात सायकल चालवताना झालेली इजा धरली आहे का आणि ई-बाइक त्यातून वगळली आहे का, हे निघायच्या आधी विमा कंपनीकडून लेखी घ्या. खोऱ्यात श्लांडर्सला रुग्णालय आहे, दुसरं मेरानला. मदतीचा क्रमांक ११२, आणि सांगताना गावाचं नाव जर्मन किंवा इटालियन कुठलंही चालतं: श्लांडर्स म्हणा किंवा सिलांद्रो.